हीटरच्या तारा

बाबा, तुमच्या व्हॅनच्या डॅशबोर्डखाली मी पाठीवर पडलेली आहे. म्हणजे आत्ता नाही, आत्ता ओट्यावर बसून लिहिते आहे. पण डोळे मिटले की अजून तिथेच असते. तुम्ही तोडलेल्या हीटरच्या केबल मी जोडते आहे. आईला बर्फ पाहायचा आहे. तिची छाती आता लवकर भरून येते. यंदा नाही तर मग नाही, असं तीच म्हणते. वरच्या थंडीत तिला ऊब हवी, काचेवर धुकं धरलं तर मला रस्ता दिसायला हवा. म्हणून हीटर.

लोणारच्या सरोवराचं पाणी तपासायला पुण्याहून येणाऱ्या एका गृहस्थांची ही गाडी. मागे झोपायची फळी, छोटी शेगडी, खिडक्यांना पडदे. धाड गावाजवळ इंजिन बसलं आणि तुमच्या गॅरेजवर ती तुम्हालाच विकून ते एसटीने निघून गेले. इंजिन बांधून तुम्ही ती अंगणात आणून उभी केलीत आणि आईला म्हणालात, "तुले काश्मीरले नेतो." ती पिठाच्या हातांनी बाहेर आली होती. त्याच संध्याकाळी तुम्ही पक्कड घेऊन आत शिरता. हाती आलेल्या प्रत्येक जुन्या गाडीचं तुम्ही हेच करायचात: हीटरच्या केबल तोडायच्या, इंजिनचं गरम पाणी हीटरकडे सोडणारा कॉक तारेने आवळून बंद करायचा. उन्हाळ्यात चुकून डॅशबोर्डवरची हीटरची दांडी सरकली तर गिऱ्हाईक भाजून निघायचं. मी टॉर्च धरून उभी आहे.

"काऊन तोडता, बाबा?"

"इथं कोणाले हीटर पाह्यजे व? वरतं फुकटचा लावेल हाये ना. टॉर्च सिदा धर."

दांड्या मात्र तुम्ही काढल्या नाहीत. निळ्या खुणेपासून लालपर्यंत त्या सरकत राहिल्या, कशालाच न जोडलेल्या.

आधी मी सायकलच्या ब्रेकची केबल घातली. दांडी ओढली, कॉक उघडला, गरम हवा आली. परत ढकलली तर केबलच्या खोळीच्या तोंडाशी तार वाकली आणि कॉक उघडाच राहिला. पिळाची तार ओढता येते, ढकलता येत नाही. हे तुम्ही कधी सांगितलं नव्हतं. तुम्ही ही केबल कधी जोडलीच नव्हती. मग कडक, एकेरी तार आणली. टोकाला वळण दिलं, खोळ क्लिपमध्ये धरली. क्लिप जराशी मागे बसली की कॉक अर्धाच बंद होतो. पुन्हा सोडा, पुन्हा आवळा. काम संपत आलं तसा माझा जीव थाऱ्यावर राहीना. काही बिघडलेलं उरलं आहे का, ते मी शोधत राहिले. नव्हतं.

आज दुपारी आई पुढच्या सीटवर येऊन बसली. अंगात स्वेटर. गल्लीतली कुत्रीसुद्धा गाडीखालची सावली सोडत नव्हती.

"काढ तो स्वेटर, आई."

"राहू दे व. कसं वाटते ते पाहू तर दे."

इंजिन तापल्यावर मी दांडी लालकडे नेली. तिने चपला काढून पाय पुढे केले. "आलं," म्हणाली. मी निळ्याकडे नेली. थोड्या वेळाने म्हणाली, "गेलं." मग पायांकडेच बघत म्हणाली, "तुह्या बापानं ह्या तारा तोडल्या ना, मी चुलीपुढून पाहत होती. तवाच समजली, हा मानूस काही मले नेत नाही."

"मग बोलली काऊन नाहीस?"

"काय बोलाव? लय खुशीत होता तो."

ती हसली, आणि हसण्याचा खोकला झाला. तो बराच वेळ थांबला नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले आणि घाट मोजू लागले. आधी आपला, मग न पाहिलेले. तुम्ही तारा तोडल्यात तेव्हाही तिला चढावर धाप लागायची, असाच खोकला यायचा. तुम्ही सवयीनेच तोडल्या असतील, बाबा. पण तो खोकला तुम्हीही रोज ऐकत होतात, हे मला आज पहिल्यांदा सुचलं. तिला वर न्यायची भीती वाटली म्हणून तोडल्यात का? तुम्ही आता या जगात नाही, हा कागद कुठल्याच पेटीत टाकायचा नाही, म्हणून हे विचारता येतं.

खोकला थांबल्यावर तिने पदराने तोंड पुसलं.

"रजा भेटली का तुले?"

"हाव," मी म्हणाले.

रजा मी अजून मागितलेली नाही.