अपठित कविता, गुण आठ

प्रिय भिंगरी,

तुझ्या उत्तरापुढच्या शून्यावर मी लाल पेन टेकवलं आणि पुन्हा उचललं. शेजारी मुख्य परीक्षक उभे होते. म्हणाले, बाई, सही करा आणि मोकळ्या व्हा, असं एखादं पोर दरवर्षी निघतंच, उत्तर येत नसलं की तत्त्वज्ञान सुरू. मी म्हटलं, उद्या करते. ते हसले. म्हणाले, दोन गुणांसाठी उद्या? उत्तरपत्रिकेवर तुझं नाव नव्हतं, क्रमांकावर पट्टी चिकटवलेली होती. तरी ती तुझीच हे मला पहिल्या ओळीला कळलं. प्रश्न होता : 'एकविसावी हवेत होती' या ओळीतील अलंकार ओळखून स्पष्ट करा. तू लिहिलंस, 'हा अलंकार नाही. आमच्या जिन्याला वीस पायऱ्या होत्या आणि एकविसावी खरंच हवेत होती. मी तिच्यावर रोज उभी राहायचे.' पुढचा प्रश्न : कवितेतील 'तू' म्हणजे कोण? तू लिहिलंस, 'मी.' कवितेखाली 'कवी : अज्ञात' असं छापलं होतं. त्याबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. तरी तू लिहिलंस, 'कवी अज्ञात नाही.' त्यानंतरची अकरा पानं कोरी आहेत. निबंध नाही, सारांश नाही. पंचेचाळीस गुणांचं तू सोडून दिलंस. या विषयात तू नापास आहेस. निकालाला बारा दिवस उरलेत आणि तुझं वर्ष जाणार आहे.

तो पेपर मी काढला होता. ही कविता तिथे कशी आली, या एका प्रश्नाने तू दोन महिने काय झाली असशील, याचा मी आज दिवसभर विचार करते आहे. म्हणून आधी तेवढं सांगते. आमच्या कामाची एक पद्धत आहे. अपठित कविता कुठेही छापलेली नसावी, म्हणजे कुणाला ती आधीच माहीत असण्याचा फायदा मिळत नाही. तीन वर्षांपूर्वी मी दिलेल्या दोन कविता समितीने परत पाठवल्या. एक कुठल्याशा दिवाळखोर मासिकात आलेली निघाली, दुसरी फार सोपी. शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी होती. माझ्या टेबलाच्या खणात एक कविता होती, आणि ती माझ्याखेरीज कुणी वाचलेली नाही याची मला खात्री होती. मी ती दिली. असे तीन-चार संच मोहोरबंद करून ठेवतात. कुठल्या वर्षी कुठला निघेल ते आम्हाला सांगत नाहीत. तू तेव्हा नववीत होतीस. मला वाटलं, तुझी बारावी येईपर्यंत तो वापरून संपलेला असेल. तो यंदा निघाला.

कविता नऊ ओळींची होती, मी चार घेतल्या. मग उत्तरसूची लिहायला बसले. अलंकार : अतिशयोक्ती. रचना : मुक्तछंद. 'तू' म्हणजे कवीची आशा. 'माझे हात अजून वर' म्हणजे माणसाचा अखंड प्रयत्नवाद. 'तू' कोण ते मला माहीत होतं, तरी हे लिहिलं.  उत्तरसूची नेटकी झाली म्हणून समितीने माझं कौतुक केलं. यंदा हजारो मुलांनी 'आशा' लिहून पूर्ण गुण घेतले. एका मुलीने खरं लिहिलं आणि तिला शून्य मिळालं.

मला लहानपणापासून व्याख्यांचं वेड. दादा, म्हणजे तुझे बाबा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मी उपमा आणि रूपकातला फरक घोकत घरभर फिरायचे. तो म्हणायचा, हिच्यापुढे वाघ आला तर ही आधी विचारेल, तू उपमेतला की रूपकातला, आणि तोवर वाघ जेवून हात धुवून जाईल. तो शिकला नाही, लिफ्टदुरुस्तीत गेला. शहरभर लोकांना वर चढवायचा आणि स्वतः जिना चढून घरी यायचा. लिफ्टवाल्याच्या घराला जिना, हा त्याचाच विनोद, आल्यागेल्याला ऐकवायचा. संध्याकाळी हत्यारांची पिशवी खालच्या पायरीवर ठेवायचा, तुझा हात धरायचा आणि दोघं मोजत वर यायचे. विसाव्या पायरीवर तो तुला काखेत धरून उचलायचा आणि ओरडायचा, एकवीस! मी दारातून हे कितीदा पाहिलं आहे. मी तेव्हा तुमच्याकडेच राहून एम.ए.च्या परीक्षेला बसले होते, तुमच्या आवाजाने माझं लक्ष उडायचं आणि मी चिडून दार लोटून घ्यायचे.

मग एक दिवस दादा दुरुस्त करत होता ती लिफ्ट पडली. त्याचा सहकारी खाली होता. चौकशीत दादाची चूक नाही असं ठरलं, तसं लेखी मिळालं. तुझ्या आईने तो कागद चार घरी नेऊन दाखवला. दादाने तो एकदाही वाचला नाही. त्यानंतर त्याचे हात थरथरू लागले. पेला धरता येईना. तुला उचलायचंही त्याने सोडलं. तू जिन्यात हात वर करून उभी राहायचीस आणि तो म्हणायचा, आज पाठ दुखते गं. चार महिन्यांनी एका सकाळी तो कामाला म्हणून गेला आणि आला नाही. पिशवी घरातच होती. तू दहा वर्षांची होतीस.

बाबांनी एका अक्षरानेही आठवण काढली नाही, असं तू आजवर समजत आलीस. आईही तेच समजते. ते खरं नाही. अकरा महिन्यांनी मी शिकवते त्या कॉलेजच्या पत्त्यावर एक पाकीट आलं होतं. त्यात ती कविता होती, वहीच्या पानावर, पेन्सिलने, अक्षर वेडंवाकडं. मागच्या बाजूला लिहिलं होतं : 'हे भिंगरीला दे. मोठी झाल्यावर नको. आत्ताच दे.' त्याच आठवड्यात तुझ्या आईला शिलाईच्या कारखान्यात नोकरी लागली होती. तिने मला बजावलं होतं, तुझ्या भावाचं नाव काढायचं असेल तर या घरात येऊ नकोस, पोर आत्ता कुठे जेवायला लागली आहे. मी स्वतःला सांगितलं की तिच्यासाठी थांबते. तेही पूर्ण खरं नाही. त्या पाकिटात माझ्यासाठी काहीच नव्हतं. आमची आई गेल्यापासून मला त्याच्याशिवाय कोण होतं? आणि मी फक्त टपाल पोचवायचं. मी रागावले. पान पुन्हा वाचलं आणि वाचता वाचता मनात म्हटलं, चौथ्या ओळीनंतर भावुक झाली आहे. अशी मी वाचते. नंतर तुमच्याकडे येणंच सोडलं. तुझ्या डोळ्याला डोळा देता आला नसता.

कापलेल्या ओळी सांगते. 'खाली ठेवायला विसरलो नाही. / हात थरथरतात म्हणून थांबलो आहे. / कुणी विचारू नये इतका वेळ. / तू बास म्हण, / मी येतो.' तू 'बास' म्हणेपर्यंत तो तुला खाली ठेवत नसे, हे मी पाहिलेलं होतं. म्हणजे त्याने तुझ्याकडे एक शब्द मागितला होता आणि तो कुठे पाठवायचा तेही कळवलं होतं. पाकिटाच्या मागे पत्ता होता, एका लॉजचा. मी दोन वर्षांनी त्या पत्त्यावर लिहिलं. पत्र परत आलं, 'येथे राहत नाही' असा शेरा मारून. त्याने किती दिवस वाट पाहिली, कुठे गेला, आहे की नाही, मला माहीत नाही. तुला गुण मिळावेत म्हणून हे पत्र नाही, ते मी मंडळात जाऊन बघते, माझं जे व्हायचं ते होवो. तू अकरा वर्षांची असताना तुझे बाबा तुझ्या एका शब्दावर परत येणार होते आणि तो शब्द मी तुला विचारला नाही, हे तुला माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते आहे. दोन्ही पाकिटं सोबत ठेवली आहेत. क्षमा मागत नाही. मागितली तर तुला त्याचं काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

तुझीच,
आत्या

ता.क. आज सकाळी अकराला मंडळात गेले. सचिवांना सगळं लिहून दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, कवितेचा मूळ कागद मागितला, झेरॉक्स काढून परत दिला. फेरपरीक्षेचं समिती ठरवेल. माझं नाव त्यांनी परीक्षकांच्या यादीतून तिथल्या तिथे काढलं. खाली येऊन तुझ्या आईला कारखान्यात फोन लावला. मशिनांच्या आवाजात मी कोण हे तिला दोनदा सांगावं लागलं.  म्हणाली, चारला सुटते, घरी ये, जे काय आहे ते पोरीच्या हातात दे.