फक्कीच्या रेघांतलं घर

तेलगाव, ३ फेब्रुवारी २०२५

ती. बद्रीदादास,
गीताचा शि. सा. न. वि. वि.

काल मुनव्वर मिस्त्रींनी आपल्या प्लॉटवर घराची आखणी केली. खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि पांढरी फक्की टाकून तुझा नकाशा जमिनीवर उमटवला. आई रेघ ओलांडत नाही, दाराच्या जागेतूनच आत येते! मीही नसलेल्या खिडकीशी कितीतरी वेळ उभी होते. उसाचे तुरे, बगळे, उतरतं ऊन, सगळं तिथून वेगळंच दिसत होतं. भिंती नाहीत, तरी आत आल्यासारखं वाटलं बघ.

मिस्त्री जोतं, लिंटेल, सेंटरिंग असं काय काय म्हणतात आणि तू देखरेखीला ठेवलेली ही शहाणी नुसती मान डोलावते. अर्थ लिहून पाठव.

आता खरं लिहिते. फोनवर बोलता येत नाही, वहिनी शेजारी असते. तुमची खोली, आईची खोली, स्वयंपाकघर, देवघर, सगळीकडे फिरले. हे गेल्यापासून तीन वर्षं मी माहेरी आहे. या घरात माझी जागा कुठं, दादा? फार भीती वाटते.

रागावू नकोस. माया आहे ती राहू दे.

तुझी,
गीता

पुणे, ८ फेब्रुवारी २०२५

चि. गीतास अनेक आशीर्वाद.

पत्र साइटवर, परांचीवर बसून वाचलं. आधी तुझी शाळा घेतो. जमिनीपासून फरशीपर्यंतचं उंच बांधकाम म्हणजे जोतं. ते झालं की गवंडी त्यावर बसून चहा पितात, आणि माझ्या मते घर तिथूनच सुरू होतं. दार-खिडकीच्या माथ्यावरचा आडवा पट्टा म्हणजे लिंटेल. सेंटरिंग म्हणजे ओल्या स्लॅबला खालून दिलेल्या फळ्या आणि टेकू. घाईनं काढले तर स्लॅब खाली येतो.

तुझ्या जागेच्या बाबतीत मात्र चूक माझी आहे. वीस वर्षं लोकांची घरं बांधतोय. कुणाच्या गाडीची जागा कधी विसरलो नाही, आणि सख्खी बहीण विसरलो. तू आईजवळ निजशील, असं धरूनच चाललो. लाज वाटली गं.

मिस्त्रींना सांगून पायाचं खोदकाम थांबवलंय. ओसरीच्या टोकाला दहा बाय दहाची खोली वाढव. दार-खिडकी कुठं, ते तूच ठरव. तुझ्या वहिनीला मात्र तूच सांग, माझी काही छाती होत नाही.

आईस दंडवत. तुझ्या पत्राची वाट पाहतो.

तुझा,
दादा

तेलगाव, १३ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
गीताचा शि. सा. न. वि. वि.

वहिनीला सांगितलं. ती पदर खोचून माझ्यामागे प्लॉटवर आली. मला वाटलं, झालं, आता तोंड वाजणार.

मिस्त्रींनी विचारलं की बाई, दार कुठं ठिवू. असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं, ना सासरी, ना माहेरी. मी गोंधळून उभीच राहिले. मिस्त्री दोरी धरून थांबले होते.

तेवढ्यात वहिनीनं दोरीचं दुसरं टोक हातात घेतलं. त्यांना म्हणाली की दार कुठंबी ठिवा, पण वन्संची खिडकी माझ्या खोलीकडं पायजे. मालक पुण्यात, आमी बोलायचं कुणाशी?

दादा, तीन वर्षं मला वाटत होतं की मी तिला जड झाले.

तब्येत सांभाळ, लोभ असू दे.

तुझी,
गीता