व्हरांड्यातला ट्रे

४ मार्च

चि. बोक्यास मावशीचे आशीर्वाद.

आज, बुधवार ४ मार्च, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी तुझ्या सख्ख्या बहिणीने, आपल्या बारकीने, दवाखान्यात साखरेच्या पाण्याचा भरलेला ग्लास डॉक्टरीणबाईंना परत केला. वर ऐकवलं, की सुरुवातीला उपाशीपोटीची साखर नीट आली असेल तर सातव्या महिन्यात हे पाणी पिऊन पुन्हा तपासायला नको. हे माझ्या दादाने छापून सिद्ध केलंय. बाईंनी तुझा संशोधनाचा पेपर वाचलेला. त्यांनी ग्लास बाजूला ठेवला. मी पर्स सांभाळत उभी, जशी चुकून दुसऱ्याच लग्नाला आलेली पाहुणी.

बारकी सारखी पाणी पिते. पोट आत्ताच नववा लागल्यासारखं दिसतं. मी टोकलं तर म्हणाली, मावशी, तुला दादाचं कौतुक बघवत नाही. फोनवर तू सगळं हसण्यावारी नेतोस, म्हणून कागद घेतला. ग्लास पी, एवढंच तिला लिही. माझं ती ऐकत नाही, तुझ्या शब्दाबाहेर जात नाही.

खोड्यांसकट तुझ्यावर माया करणारी,
मावशी

९ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

शाळा सोडलीस, छडी काही सोडली नाहीस! बारकी लहानपणापासून गोलमटोल. त्यात आता दोन जिवांची. पेपरवर भरवसा ठेव. गरोदर बायकांना तासन्‌तास उपाशी ताटकळवायचं नाही, हा माझा पहिला नियम होता. लॅब अकराला उघडायची, पण आम्ही सातलाच सगळ्यांचं रक्त काढून त्यांना खायला पाठवायचो. नळ्या व्हरांड्यात ट्रेमध्ये राहायच्या, मग सगळ्या एकदम आत. इतक्या मायेने अभ्यास कोणी केला नसेल. शेवटच्या महिन्यात काहींची बाळं पोटातच गेली, कारण समजलं नाही. पण असं कुठेही घडतं.

लोभ वाढू दे, रक्तदाब नको.

तुझा,
बोका

१४ मार्च

चि. बोक्यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून काल मी स्वतःचंच रक्त तपासायला गेले. माझी नळी लगेच बर्फात ठेवली. मी विचारलं, कुल्फी करताय का? डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, रक्त नुसतं ठेवलं की त्यातल्या पेशी साखर खात बसतात. उकाड्यात चार तास राहिलं, तर आजारी बाईसुद्धा कागदावर ठणठणीत दिसते.

मग माझं हसू गेलं. तुझा ट्रे मी त्यांना सांगितलेला नाही. आधी तुला विचारते. नळ्यांमध्ये साखर टिकवायला काही औषध घातलं होतंस? बर्फ होता? आणि ज्यांची बाळं गेली, त्या बायकांनाही बारकीसारखी तहान लागायची का? आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर म्हणायच्या, सरळ प्रश्नाला सरळ उत्तर. वाट पाहते.

मावशी

१९ मार्च

ती. मावशीस नमस्कार.

तू राईचा पर्वत करते आहेस. किती दवाखान्यांनी आता दुसरी तपासणी बंद केली आहे, तुला कल्पना नाही. उद्या मी उठून शंका काढली तर काय होईल? जुने निकाल पुन्हा बघतो, महिनाभर लागेल. तहानेचं म्हणशील, तर उन्हाळा होता, ती सगळ्यांनाच लागायची. तोवर बारकीपाशी बोलू नकोस, उगाच घाबरेल.

बोका

२३ मार्च

चि. बोका,

आज आशीर्वाद पत्राच्या शेवटी आहेत, मिळवलेस तर.

बर्फाबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. तहानेबद्दल लिहिलंस. म्हणजे त्यांनाही लागायची. आणि उन्हाळा होता म्हणतोस, तोच तुझ्या व्हरांड्यातही होता. बारकीची पहिली तपासणी तुझ्याच हाताखाली झाली. अभ्यास संपला तरी ट्रे तिथेच होता आणि तिची नळीही त्यातलीच, हे तुला आठवत नाही असं मी मानत नाही.

त्या बायकांवर तू दया केलीस, हे मला ठाऊक आहे. वाईट हेतू असता तर मी तुझा कान पकडला असता. आता कुठे पकडू?

तुला महिना हवा. तिच्याकडे दोनच उरलेत. काल पुन्हा हातापाया पडले. म्हणाली, दादा लिहील तर पिईन. शुक्रवारी सकाळी बाईंनी तिला बोलावलंय. मी ग्लास धरून उभी राहीन, पण ओठ तिचे आहेत.

आत्ता पलीकडच्या खोलीत ती पुन्हा उठली. पाण्याचा जग भरतेय. गुणगुणतेय.

तेव्हा गुरुवार, २६ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत तुझ्या हस्ताक्षरातला कागद तिच्या हातात पडला पाहिजे : बारके, दादा चुकला, ग्लास पी. माणसाबरोबर पाठव, स्वतः आण, कसंही कर. जिथे छापलंस तिथेही कळव; इतरांच्या बारक्या आहेत. पाच वाजले आणि कागद नसला, तर तुझं ९ मार्चचं पत्र मी तिला वाचून दाखवेन आणि तसंच डॉक्टरीणबाईंकडे नेईन. भाऊ तिच्या मनातून उतरायचाच असेल तर तो माझ्या हाताने नको, म्हणून अजून थांबलेय.

आशीर्वाद तयार आहेत. फोन नको, हसणं नको. लेखी उत्तर. गुरुवारी पाचच्या आत.

मावशी