गळक्या टाकीचा गृहपाठ

२ फेब्रुवारी, सोमवार
ठरलं. उद्या शाळेत जाऊन बाईंना फैलावर घेणार. पाचवीतल्या पोरीला असला गृहपाठ? रोज एक सुटा कागद येतो आणि माझी संध्याकाळ खातो. आजचं गणित : नळ टाकी चार तासांत भरतो, तळाच्या गळतीने भरलेली टाकी सहा तासांत रिकामी होते. दोन्ही चालू असताना टाकी किती तासांत भरेल?

मी पंपांच्या कंपनीत तक्रार विभागाचा इन्चार्ज आहे. असं गिऱ्हाईक माझ्याकडे आलं असतं तर काय सांगितलं असतं? तेच उत्तर कागदावर ठणकावून लिहिलं : 'आधी गळती बंद करावी.'

छोटी हळूच म्हणाली, बाबा, बारा तास. अंदाजपंचे बोलायचं नाही म्हणून दटावलं. गणितात कच्ची आहे. आईवर गेली आहे.

३ फेब्रुवारी, मंगळवार
शाळेत जाणं झालं नाही. ऑफिसात मरायला फुरसत नव्हती. शिवाय रागाच्या भरात जाऊ नये.

कालच्या कागदावर बाईंचा लाल शेरा : 'विचार उत्तम. पण टाकी किती तासांत भरेल?' उत्तर बारा आहे म्हणे. योगायोग.

आज माय-लेकाच्या वयांचं गणित. पाच वर्षांपूर्वी आई लेकाच्या अमुक पट, दहा वर्षांनी तमुक पट. सरळ आईला वय विचारायचं सोडून ही कसली उठाठेव? लिहिताना पेन माझ्या हातात असतं ते फक्त वेळ वाचावा म्हणून. मी मार्गदर्शन करतो. छोटी हनुवटीखाली हात ठेवून मजेत बघत असते. अभ्यासाचं गांभीर्य नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार
गेल्या महिन्यापर्यंत किती सुखाचे दिवस होते! ऑफिसातून आलं की सोफा. मोबाईलवर फुगे फोडायचा गेम, तोही एकाग्रता वाढावी म्हणून. छोटी पत्ते घेऊन शेजारी यायची, मी म्हणायचो पाच मिनिटं, आणि थोड्या वेळाने ती आपली आपण निघून जायची. समजूतदार मुलगी. आता जेवणाची ताटं मांडली तरी आम्ही दोघं त्याच कागदावर.

बायको म्हणाली, एवढा त्रास होतोय तर तिचं तिला करू द्या. हिला शिक्षणातलं काही कळत नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
पुरावा मिळाला! अकाउंट्समधल्या म्हाताऱ्यांना आजचा कागद दाखवला. (सहज. अडलं होतं म्हणून नव्हे.) म्हणाले, हे आठवीचं गणित आहे. मग चुटकीसरशी सोडवूनही दिलं. अशा लोकांना आनंद मिळू द्यावा.

आता बाईंची खैर नाही. भाषण तयार. सुरुवात : 'बालमनावरील ओझे'. बेसिनच्या आरशासमोर तालीम केली. बायकोला दात घासायचे होते, त्यामुळे शेवट राहिला.

८ फेब्रुवारी, रविवार
छोटीला समोर बसवून भाषण म्हणून दाखवलं. पोरगी पांढरीफटक पडली. म्हणाली, बाबा, तू नको जाऊस ना. मला अवघडच आवडतात.

बाईंची केवढी ही दहशत! काळजात चर्र झालं. उद्या हाफ डे टाकला आहे. आता माघार नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार
गेलो.

बाईंनी मला वर्गातल्या पहिल्या बाकावर बसवलं. गुडघे कानाला लागले. त्या अवस्थेत 'बालमनावरील ओझे' हवं तसं उठत नाही. बाई मान डोलावत सगळं ऐकत होत्या, मधूनमधून बरोबर आहे तुमचं असं म्हणत होत्या. हा डाव मी ओळखतो. गिऱ्हाइकाची वाफ जाऊ द्यायची आणि मग विचारायचं, प्लग लावलाय का?

बाईंनी तसंच केलं. विचारलं, पाचवीचा गृहपाठ तुम्ही पाहिलाय का? एक पान दाखवलं. सोपी सोपी गणितं. छोटी ती मधल्या सुट्टीतच संपवते म्हणे, एकही चुकत नाही.

मग ते कागद?

ते तिने मागून घेतले, बाई म्हणाल्या. एक दिवस आली आणि म्हणाली, बाई, माझ्या बाबाला लवकर सुटणार नाही असं काहीतरी द्या. सोपं असलं की तो उठतो आणि मोबाईल घेतो.

आधी सातवीतलं दिलं होतं, नंतर आठवीतलं. तुम्हाला फारच जड जात असेल तर सहावीतलं देते, असंही बाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी म्हणालो, नको, मला झेपतंय.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. बाकातून उठायला जरा वेळ लागला, पण बाक लहान होता.

१० फेब्रुवारी, मंगळवार
संकल्प : आजपासून कागदाशिवाय बसायचं. मोबाईल ड्रॉवरमध्ये. मनात आणलं तर मला काय अशक्य आहे?

घरी आलो. बाईंनी आज कागद दिलाच नव्हता. छोटी सोफ्याजवळ नुसतीच उभी राहिली, म्हणाली, आता? मी म्हणालो, काढ पत्ते. तिचा चेहरा असा खुलला की मला तिच्याकडे बघवेना.

डाव रंगला. मध्ये ड्रॉवर वाजला. ऑफिसचं असेल म्हणून फक्त पाहिलं. पुन्हा वाजला, पुन्हा फक्त पाहिलं. तिसऱ्यांदा परत आलो तर छोटीने पत्ते बाजूला ठेवले होते. एका कागदावर तिच्या मोठ्या अक्षरात गणित लिहून माझी वाट बघत होती.

'एक बाबा सहा वाजता घरी येतो. डाव संपायला अर्धा तास लागतो. मोबाईल बाबाला दर दहा मिनिटांनी उठवतो आणि मग डाव पहिल्यापासून सुरू होतो. तर डाव किती वाजता संपेल?'

पेन घेतलं. क्ष मानला. साडेसहा येईना, सात येईना. अकाउंट्सच्या म्हाताऱ्यांना फोन लावायला उठलो.

छोटी म्हणाली, बाबा, याचं उत्तर तू आधीच लिहिलंयस. आणि तो गळक्या टाकीचा कागद माझ्यापुढे ठेवला. जपून ठेवला होता.

मोबाईल बंद केला. डाव संपला. मी हरलो. दुसराही हरलो. तिसरा चालू असताना बायको पान वाढून बोलवत राहिली, तिलाही म्हटलं, पाच मिनिटं.

पोरीचं गणित पक्कं आहे. माझ्यावर गेली आहे.