एका दमाचं वाक्य

जोगजा, ४ एप्रिल १९९४

तीर्थरूप दादास,
धाकट्या विर्योचा सादर सलाम वि. वि.

ईदपासून तू लवंगेची सिगारेट सोडलीस, यावर आमच्या घरात कुणाचाच विश्वास बसेना. चाळीस वर्षांचा संसार मोडलास. वहिनींना विचार, सवत गेल्याचं दुःख कितपत झालं.

सोडल्यावर खोकला वाढला म्हणतोस. इथले डॉक्टर म्हणाले, छाती आतली झाडलोट काढते, काही दिवस चालायचंच. लवंगेचा धूर औषधी, रोज एक ओढ, असं तुझ्या शेजारचे तासमिन सांगतात. त्यांचं ऐकू नकोस. मी पोरांना संस्कृत शिकवतो, प्राणायामाचे श्लोक मुखोद्गत आहेत, आणि हे लिहिताना बोटांत सिगारेट आहे. पंडित असेच असतात.

तुझ्या रेत्नोच्या निकाहात मुलगी दिल्याचं वाक्य बापानं एका दमात म्हणायचं असतं. अजून आठ आठवडे आहेत. सराव कर.

वहिनींना सलाम, आणि सवतीच्या थट्टेचा राग सिगारेटीसारखा सोडून द्यावा.

तुझा,
विर्यो

कुडुस, ९ मे १९९४

चि. विर्यो यास अनेक आशीर्वाद.

श्लोक नकोत, वारा असला तर पाठव. रोज सकाळी विहिरीपाशी उभा राहून वाक्य म्हणतो. गालिह, मी तुला माझी मुलगी रेत्नो, इथवर जातो. पुढचं 'दिली' यायच्या आत दम संपतो.

खोकला उतरला. पण डॉक्टर म्हणाला, सोडलंत ते बरं केलंत, आहे तेवढं जपता येईल. गेलं ते परत येत नाही. मी विचारलं, एका वाक्यापुरतंसुद्धा नाही का? तो कागदावर लिहीत राहिला.

काल तासमिननं एक पुढे केली. म्हणाला, ओढ, वाक्य सरळ बाहेर येईल. मी हातात घेतली, वास घेतला, परत दिली. तुझी वहिनी दाराआड होती. म्हणाली, ओढायची तर समोर ओढा, लग्नघरात मला चोरून रडायला वेळ नाही.

मांडवात अडखळलो तर लोक म्हणतील, बापाचं मन नव्हतं. म्हणून तुला मुखत्यार करतो. वाक्य तू म्हण. पाहुण्यांच्या सिगारेटी मीच आणल्या. प्रत्येक चटईवर पेलाभर उभ्या ठेवाव्याच लागतात, नाहीतर गाव म्हणेल, पोरीचं उरकून टाकलं.

लवकर ये. माया आहेच, ती लिहायला दम लागत नाही.

तुझा,
दादा

जोगजा, २ जून १९९४

तीर्थरूप दादास,
सलाम वि. वि.

सुखरूप पोचलो. निकाहानंतर तिथं सगळे माझ्या दमाचं कौतुक करत होते. काझी म्हणाले, मास्तरची छाती आहे. घोकलेलं धडाधड म्हणणं, आयुष्यात एवढंच मला येतं.

तू माझ्या पाठीशी बसला होतास. माझ्याबरोबर तूही पुटपुटत होतास, ते मला ऐकू येत होतं. रेत्नोच्या नावापाशी तुझा आवाज थांबला. मला थांबता येत नव्हतं. थांबलो असतो तर वाक्य मोडलं असतं. तुला तिथंच टाकून मी पुढे गेलो. मांडवात धूर दाटला होता, त्यात माझाही होता.

रेत्नो पाया पडायला आली तेव्हा आशीर्वादाचे शब्द तुला जुळेनात. तिनं तुझ्या छातीला कान लावला आणि बराच वेळ काढला नाही. गालिह ताटकळत उभा होता. तिला काय ऐकू आलं, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही. तुलाही विचारत नाही.

लोभ धरावा, दम लागला तर मधे थांबून धरावा.

तुझा,
विर्यो