एकोणिसाव्या पानावरची टिकली

डोंबिवली (पूर्व),
दि. ७ ऑक्टोबर २०२४

चि. सुधीर यास,
अ. उ. आ.

हे पत्र मुद्दाम तुझ्या वागळे इस्टेटच्या कारखान्यावर पाठवते आहे. फोनवर आईबद्दल काही बोलावं तर ती तुझ्या शेजारीच बसलेली असते, आणि तुझा मोबाईल ती तुझ्याआधी वाचते. तेव्हा ही जुनी वाटच बरी.

तिचा पाय कसा आहे? जूनमध्ये न्हाणीघरात घसरली तेव्हा दिवाळीपर्यंतच म्हणून ती तुझ्याकडे कोलशेतला आली. इथे तिच्या घराचं कुलूप मी अधूनमधून उघडते, झाडांना पाणी घालते. गवती चहा माजलाय. शेजारच्या गोदूबाई रोज विचारतात की म्हातारी कधी येणार, आणि मी दिवाळीनंतर म्हणून सांगते.

आमच्या वाचनालयाचं हे पन्नासावं वर्ष. निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी मी काउंटरवर बसते, तेव्हा उत्साहही माझाच सगळ्यांत जास्त. जुन्या कथा-कादंबऱ्या आम्ही नव्याने बांधून घेतल्या, नवे पुठ्ठे, नवे क्रमांक. पण आत काय घाण होती म्हणून सांगू. लोक पानांच्या आकड्यांपाशी पेन्सिलीने चिन्हं काढून ठेवतात. कुणाचं पान, कुणाचा त्रिकोण, कुणाचा चक्क मासा, कुठे नुसताच ठिपका. तुला आठवतं ना, कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हाला हात धुतल्याशिवाय पुस्तकाला शिवू द्यायच्या नाहीत, आणि पुस्तकात रेघ ओढणं म्हणजे पापच. अभ्यासिकेतल्या मुलींच्या हातात मी खोडरबर दिले. पोरींनी परीक्षेचा अभ्यास बाजूला ठेवून दोन आठवडे पुस्तकं स्वच्छ केली. आता कपाट उघडलं की कसं नवं दुकान वाटतं.

त्यांतलीच पुस्तकं मी आमच्या सौमित्रबरोबर आईसाठी पाठवते आहे. तो ऑफिससाठी ठाण्याला येतोच. ती खूश होईल. प्राचीला आशीर्वाद. बहिणीची आठवण ठेवावीस, निदान कारखान्यातला चहा पिताना तरी.

तुझी,
चित्राताई

*

वागळे इस्टेट, ठाणे,
दि. २४ ऑक्टोबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आमच्या वॉचमनने मला दोन्ही हातांनी आणून दिलं. हाताने लिहिलेला पत्ता पाहून त्याला कुणी गेल्याची बातमी वाटली.

पाय बरा आहे. काठी टाकून ती सोसायटीच्या बागेपर्यंत जाते. पण मला दुसरीच काळजी लागली आहे आणि ती घरी बसून लिहिता येत नाही.

तू पाठवलेलं पुस्तक आई उघडते, पहिली काही पानं उलटून काहीतरी पाहते, चष्मा पुसून पुन्हा पाहते, आणि वाचायला बसते. थोड्या वेळाने पुस्तक मिटलेलं असतं. तीन-चार वेळा असं झाल्यावर मी विचारलं. आधी सांगेना. मग म्हणाली, "हे मी वाचलेलं नाही. आणि पुढे काय होणार ते मला सगळं माहीत आहे." वाचलं नाहीस कशावरून, असं विचारलं तर विषय बदलते. ताई, तिच्या डोळ्यांत मी इतकी भीती बाबा गेले तेव्हाही पाहिली नव्हती. परवा प्राचीला हळूच विचारत होती की म्हातारपणी माणूस मनाने गोष्टी रचतं का.

मी तिला दुकानातून डझनभर नवी पुस्तकं आणून दिली. एकही उघडलं नाही. म्हणते, यांच्यातून अजून कुणी गेलेलंच नाही. याचा अर्थ तूच लाव.

पुढच्या महिन्यात मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. स्पष्ट लिहितो, रागावू नकोस. अशा अवस्थेत तिला डोंबिवलीत एकटं ठेवायची माझी हिंमत नाही. गॅस चालू राहिला, दार उघडं राहिलं तर? आता ती इथेच राहील. तिकडचं घर भाड्याने देऊन टाकू. वाचनालयाचंही नाव काढून टाक. आजकाल हवं ते पुस्तक फोनवरून घरी येतं, त्यासाठी कशाला कुणी जिने चढायचे? तिला अजून काही सांगितलेलं नाही. दिवाळीनंतर सांगेन.

तुझा,
सुधीर

*

डोंबिवली (पूर्व),
दि. ६ नोव्हेंबर २०२४

चि. सुधीर यास,
अ. उ. आ.

तिला काही सांगू नकोस. आधी हे पत्र पूर्ण वाच.

तुझं पत्र आलं तेव्हा मी रडले. तुझं म्हणणं खोडायला माझ्याकडे काही नव्हतं. गवती चहाची कुंडी मी घरीसुद्धा आणून ठेवली.

काल वाचनालयात भोपर गावचे काळुराम म्हात्रे आले. तू त्यांना पाहिलं असशील, पांढरी टोपी, मोठी गाडी. त्यांच्या शेतांवर आता इमारती आहेत, घरात माणसांइतके टीव्ही, पण दुपारी वर्तमानपत्र वाचायला ते आमच्या बाकावरच येतात. घरचं वर्तमानपत्र वाचून वाद घालायला समोर कुणी नसतं म्हणतात. त्यांनी काउंटरवर तीन पुस्तकं आपटली आणि मला विचारलं, "बाई, माजा मासा कुठं गेला?"

मला काही कळेना. मग त्यांनी रागारागाने समजावलं. वाचून झालं की ते एकोणिसाव्या पानाखाली मासा काढतात. म्हणजे तेच पुस्तक पुन्हा घरी जात नाही. आता मासे नाहीसे झाले आणि वाचलेलीच पुस्तकं त्यांनी तीनदा नेली. घरात सुना हसतात. मी त्यांना पुस्तकांच्या स्वच्छतेबद्दल दोन शब्द ऐकवायला गेले तर म्हणाले, माझा पुसला तर पुसला, टिकली कशाला पुसली? कोणती टिकली, तर म्हणे एकोणिसाच्या आकड्यात, नवाच्या पोटात, कुणीतरी लाल टिकली लावतं. खूप वर्षांपूर्वी पहिल्यांदा दिसली, म्हणून त्यांनीही तेच पान धरलं. "टिकली हाय ना, मंग तो पुस्तक वाचाचा," असा त्यांचा नियम. टिकली कधी फसवत नाही.

त्यांच्याकडे एक कादंबरी उन्हाळ्यापासून राहून गेली होती, म्हणून आमच्या खोडरबरातून सुटली. ती त्यांनी उघडून दाखवली. सुधीर, नवाच्या पोटात अगदी मधोमध तो लाल ठिपका. खाली मासा.

आई शाळेत शिकवत होती तेव्हा वह्या तपासायची ती लाल पेन्सिल तुला आठवते? मी तिला टोक करून द्यायचे. तिचं थोटूक आईने कधी टाकलं नाही. तिच्या चष्म्याच्या घरात बघ, तिथे असेल. आपल्यापासून तिने हे लपवलं, कारण घरात मी होते. आठ वर्षांची असल्यापासून पुस्तकात रेघ दिसली की मी सगळ्यांना सिस्टरसारखी दटावत होते.

म्हणजे ती काहीही विसरलेली नाही. गोष्ट तिला आठवते आहे. तिची खूण मी पुसली आहे.

आणि खुणा फक्त तिच्या नव्हत्या. मला जी घाण वाटली ती लोकांची एकमेकांशी बोलणी होती. नाव नाही, ओळख नाही, पण याने हे वाचलं, तेव्हा मीही वाचीन. तुझ्या फोनवरून घरी येणाऱ्या पुस्तकात हे कुठून येणार? रोज संध्याकाळी त्या काउंटरवर बसून मलाही ते दिसलं नव्हतं.

ती कादंबरी सौमित्रबरोबर पाठवते आहे. काही न बोलता तिच्या हातात दे.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
चित्राताई

*

वागळे इस्टेट, ठाणे,
दि. १८ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पुस्तक दिलं. तिने एकोणिसावं पान काढलं आणि बराच वेळ त्यावर बोट ठेवून बसली. मग मला विचारलं, "हा मासा अजून येतो का वाचनालयात?"

चष्म्याच्या घरात थोटूक होतं. नखाएवढं.

डॉक्टरांकडे तरीही नेलं. त्यांनी काही वस्तूंची नावं लक्षात ठेवायला सांगितली. तिने ती म्हणून दाखवली, आणि मघाशी तुम्ही कंदील म्हणाला होतात, आता तो विचारायला विसरलात, हेही सांगितलं. डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. न विचारता मी तिचं घर भाड्याने द्यायला निघालो होतो.

रविवारी तिला घेऊन येतो. न्हाणीघरात धरायला दांडा आणि खाली खरखरीत फरशी बसवल्याशिवाय मात्र हलणार नाही. एवढं माझं ऐका. गवती चहा जागेवर नेऊन ठेव.

तुझा,
सुधीर

*

डोंबिवली (पूर्व),
दि. १५ डिसेंबर २०२४

चि. सुधीर यास,
अनेक आशीर्वाद.

दांडा भक्कम आहे. गोदूबाई येऊन धरून बघून गेल्या. त्यांनाही तसाच हवा आहे.

मागच्या रविवारी चित्राने वाचनालयात सगळ्या जुन्या वाचकांना बोलावलं. नियम तिचेच, हात धुऊन या आणि फक्त पेन्सिल आणा. माणसं कपाटांपाशी बसून पुस्तकं चाळत होती आणि आपापली चिन्हं परत काढत होती. एक आजोबा आपलं चिन्हच विसरले होते, त्यांना दुसऱ्याच कुणी सांगितलं की अहो तुमचा त्रिकोण. अभ्यासिकेतल्या मुली, ज्यांनी खोडलं, त्याच टोकं करून देत होत्या. मी पहिली दोन पानं वाचायची आणि सांगायची, हे झालंय, हे नाही. हात दुखेपर्यंत टिकल्या लावल्या.

मासा मला भेटला. मला वाटायचं कुणी कॉलेजातला मुलगा असेल. हे तर टोपीवाले, माझ्याच वयाचे. आम्ही दोघंही जरा लाजलो. ते म्हणाले, मध्ये बरेच महिने नव्या पुस्तकांत टिकली दिसेना, तेव्हा त्यांना वाटलं, ती बाई गेली. त्यांनी घरी कुणाला सांगितलं नाही, कारण काय सांगणार, कोण गेली म्हणून? त्या दिवशी कोळंबी खाल्ली नाही म्हणाले. माझं नावही माहीत नसलेलं माणूस, सुधीर.

तुझ्याकडे असताना मी घाबरले होते ते विसरण्याला नाही. माझी खूण दिसली नाही तेव्हा वाटलं, आपण विसरलो. पण कुणाचीच दिसेना तेव्हा वाटलं, ही सगळी माणसं मीच मनाने रचली होती की काय. तू आणि प्राचीने माझं सगळं केलंत, हे मी जन्मभर म्हणेन. पण त्या घरात खिडकीतून खाडी दिसते आणि माणूस दिसत नाही.

तू आणलेली नवी पुस्तकं मी वाचनालयाला दिली. त्यांतलं एक सौमित्रबरोबर तुझ्याकडे परत येईल. ते आधी तू वाच. कारखाना कुठे पळून जात नाही. वाचून झालं की एकोणिसाव्या पानावर खूण कर आणि स्वतः येऊन काउंटरवर दे. जिने आहेत, पण तुझे गुडघे अजून माझ्यापेक्षा बरे आहेत. मग मी ते नेईन.

कोणती खूण केलीस ते मला सांगू नकोस. मी ओळखीन.

तुझी,
आई