हिंगोली जिल्ह्याचे उच्चार आणि माझा गळा

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज निर्णय घेतला, उच्चारतज्ज्ञ व्हायचं. जिल्ह्याला इंग्रजी उच्चारांचा तज्ज्ञ मार्गदर्शक हवा आहे. प्रत्येक शाळेने एक नाव द्यायचं, २ डिसेंबरला हिंगोलीत नमुना पाठ. जो निवडला जाईल तो जिल्हाभरच्या गुरुजींना शिकवणार. मुख्याध्यापक देविदास सरांनी माझं नाव कळवलं. शाळेत इंग्रजीचे आम्ही दोघंच, मी आणि पुनम मॅडम. मॅडम नव्या आहेत. त्यांनी स्वतःच सांगितलं, विश्वंभर सरांनाच जाऊ द्या. पोरीला समज आहे.

पद्मजाला म्हणालो, आता घरात तुला वेगळा नवरा दिसेल. ती म्हणाली, मागच्या वर्षी योगाच्या वेळीही असंच म्हणाला होतात. दुर्लक्ष केलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पुस्तक उघडलं. इंग्रजीत अक्षरं सव्वीस, पण आवाज चव्वेचाळीस. इतकी वर्षं मी नुसती अक्षरंच शिकवत आलो, ही चूक इंग्रजांची. आजचा धडा: सघोष आणि अघोष. गळ्यावर हात ठेवायचा. 'स्स्स' म्हटलं की गळा गप्प. 'झ्झ्झ' म्हटलं की आत थरथर. फार सुंदर. दिवसभर केलं. मोटारसायकलवर एका हाताने केलं. बाजारात कांदे घेताना केलं. कांदेवाल्या रामकिशनने विचारलं, सर, गळ्याला काय झालं? म्हणालो, थरथर होते, आतून. त्याने चार कांदे जास्त टाकले.

२० नोव्हेंबर, गुरुवार

'थिंक' आणि 'दॅट'. जिभेचं टोक दातांच्या मधून जरासं बाहेर काढून हवा सोडायची. आपल्या जिभा आयुष्यभर आतच राहिल्या, म्हणून जिल्हा मागे. आरसा घेऊन गच्चीवर गेलो. एक हात गळ्यावर, जीभ बाहेर, डोळे थोडे मोठे (याने मदत होते). शेजारच्या धुरपताबाई पापड वाळत घालत होत्या, काम सोडून बघत राहिल्या. साध्या माणसालाही शास्त्राची ओढ असते.

मागाहून त्यांनी पद्मजाला हळूच विचारलं म्हणे, सर असं काहून करून राहिले, झटका-बिटका तर न्हाई ना? पद्मजा म्हणाली, अभ्यास आहे. त्या म्हणाल्या, व्हय बाई, घरच्या माणसाला असंच सांगावं लागतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार, संध्याकाळ

'प'. शब्दाच्या सुरुवातीला इंग्रजी 'प' म्हणताना ओठांतून हवेचा झोत सुटला पाहिजे. पुस्तक म्हणतं, तोंडासमोर कागद धरा, तो हलेल. कागद मला पटला नाही, तो पंख्यानेही हलतो. मेणबत्ती सापडेना. देवघरात आईने नुकतंच निरांजन लावलेलं. समोर बसलो. 'पेन', ज्योत वाकली. 'पेपर', आडवी झाली. 'पीपल', विझली. प्रयोग यशस्वी.

आई मागे उभी होती. सांजेचा दिवा तोंडाने फुंकणं आमच्याकडे चालत नाही, हे मलाही माहीत आहे. समजावलं की मी फुंकला नाही, उच्चारला. जेवण झाल्यावर तिने माझ्या गळ्यात काळा दोरा बांधला आणि मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. लेकाच्या आवाजाचं मोल आईलाच कळतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज वर्गात प्रयोग. पाचवी ते सातवी एकत्र बसवली. सगळ्यांचे हात गळ्यावर. 'स्स्स', मग 'झ्झ्झ'. मोहोळ उठल्यासारखा आवाज. पोरं एवढी रंगली की शाळा सुटल्यावरही गळे धरून, जिभा काढत घरी गेली. पालकांवर छाप पडणारच.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

घरी रीघ. सरपंच तातेराव स्वतः शहाळी घेऊन आले. बाकीच्यांनी बिस्किटाचे पुडे आणि मोसंबी आणली. विद्येचा असा मान आता आमच्याच भागात उरला आहे. सगळ्यांना श्वा समजावायला बसलो. श्वा म्हणजे इंग्रजीतला सगळ्यात आळशी स्वर. जबडा, ओठ, जीभ, सगळं ढिलं सोडायचं आणि नुसतं 'अ' करायचं. करून दाखवलं. बायकांनी पदर डोळ्यांना लावला. तातेराव म्हणाले, सर, बोलू नका, तकलीफ होईल, आमी समजून घेतो. समजलं, हे महत्त्वाचं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

शाळेत आरोग्य खात्याचं पथक. लेकरांमध्ये गळ्याची साथ आली असं कोणीतरी कळवलं म्हणे. लोक कशावरही विश्वास ठेवतात. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांच्या तोंडात बॅटरी मारली. मलाही म्हणाल्या, आ करा. मी विचारलं, कोणता? 'कार'मधला लांब आ की 'काऊ'मधला, जो अर्ध्या वाटेत ऊ होतो? दोन्ही करून दाखवले. मग बाई देविदास सरांना बाजूला घेऊन बराच वेळ माझ्याकडे बघत बोलत होत्या. माझ्या विषयाची दखल आता दुसऱ्या खात्यानेही घेतली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

देविदास सरांनी बोलावून खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, चार दिवस घरी राहा, शाळेचं टेन्शन घेऊ नका, सगळं बराबर होईल. नमुना पाठाच्या तयारीसाठी रजा. असा मुख्याध्यापक मिळायला नशीब लागतं. उद्यापासून दिवसभर सराव. सगळेच्या सगळे आवाज, मोठ्याने.

१ डिसेंबर, सोमवार

पद्मजाच्या फोनवर पुनम मॅडमचा निरोप. सरांना आराम करू द्या, हेडसरांनी माझं नाव टाकलंय, उद्या हिंगोलीला मी जाऊन येते.

तसाच शाळेत गेलो. ठणकावून सांगायचं होतं की अख्ख्या जिल्ह्यात माझ्याइतका तयार गळा दुसरा नाही. तोंड उघडलं. सरावाने घसा पार बसलेला. नुसती हवा. गळ्यावर हात ठेवून पाहिला, थरथर नाही. 'झ' म्हणायला जावं तर 'स' येत होता. शास्त्राप्रमाणे मी संपूर्ण अघोष झालो होतो. देविदास सरांचे डोळे भरून आले. तातेराव तिथेच होते, त्यांनी मोटारसायकलवर घरी सोडलं. वाटभर मी त्यांच्या कानाशी सांगत होतो की मला काही झालेलं नाही. ते म्हणत होते, व्हय सर, व्हय.

मला जायचं होतं. फार जायचं होतं.

१९ डिसेंबर, शुक्रवार, हिंगोली

उच्चार प्रशिक्षण. निवड पुनम मॅडमची झाली. मी शिकायला. आवाज आता ठणठणीत आहे. ठरवून आलो होतो, पहिला प्रश्न मीच विचारणार, आणि असा की मॅडम घाम पुसतील.

मॅडमनी मला पहिल्या रांगेत बसवलं, पुढ्यात गरम पाण्याचा थर्मास ठेवला. मग सभागृहाला म्हणाल्या, सगळ्यांनी गळ्यावर हात ठेवा आणि 'झ्झ्झ' म्हणा. जिल्हाभरच्या गुरुजींनी गळे धरले. मीही हात उचलला. मॅडम खाली उतरून आल्या, माझा हात धरून हलकेच मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, सर, तुम्ही नका करू, तुम्ही नुसतं ऐका.

शेजारच्या गुरुजींनी पाणी ओतून दिलं. प्यालो.